गोठलेल्या चार बाटल्या

१

बाटली गोठायला नको होती. त्या रविवारी दुपारी मला एवढंच कळत होतं, आणि तेही धड कळत नव्हतं.

आमच्या बागायत सोसायटीच्या मळ्यावर प्रत्येक सभासदाला भाजी-फुलांसाठी एक तुकडा मिळतो, तिथल्या शेडमधला जुना आडवा फ्रीझर उघडून मी उभा होतो. वर कुणाचे तरी मटार, खाली हॉवर्डच्या गेल्या उन्हाळ्यातल्या रासबेरी आणि अगदी तळाशी आमच्या बारा तपकिरी बाटल्या, पाव पाव लिटरच्या. त्यातली एक तडकली होती आणि तड्यातून पांढरा बर्फ बाहेर आला होता.

"डॉन," मी म्हणालो, "हे गोठत नाही ना गं?"

डॉन पिकरिंग माझ्या मागे चहाचे मग विसळत होती. स्कार्थवेलच्या बाजारात तिचं वेपचं, म्हणजे वाफेच्या सिगरेटचं, दुकान आहे. माझ्या रोजच्या चाळीस सिगरेटी तिने चार वर्षांपूर्वी सोडवल्या. बायकोला, डॉक्टरला आणि चर्चला जे जमलं नाही ते तिने रुबार्ब-कस्टर्डच्या चवीच्या वाफेवर करून दाखवलं. तेव्हापासून ही पोरगी म्हणेल ते मला मान्य असतं.

"गोठत नाही, क्लिफकाका. मधासारखं दाट होतं. का?"

मी बाटली तिच्या हातात दिली. तिने ती आडवी केली, उभी केली, मग एकेक करून बाराही बाहेर काढल्या. आठ बाटल्यांत आतलं द्रव्य सावकाश सरकत होतं. चार बाटल्या दगड झाल्या होत्या.

येत्या शनिवारी, वीस मेला, वेपमधल्या निकोटिनवर नवा कायदा लागू होणार होता. त्यानंतर दुकानात अंगठ्याएवढ्या बाटल्या मिळणार, त्याही पुचाट. म्हणून मार्चमध्ये आम्ही अकरा वेपवाल्यांनी मिळून डॉनकडून दाट निकोटिन मागवलं होतं. अंधारात आणि थंडीत ठेवलं की ते वर्षानुवर्षं टिकतं, लागेल तेव्हा थोडं काढून ग्लिसरीनमध्ये मिसळायचं. बाटल्या आल्या त्या दिवशी डॉनने सगळ्या सभासदांना शेडमध्ये बसवून दम भरला होता, वेप ओढणाऱ्यांना आणि न ओढणाऱ्यांनाही. आमचे अध्यक्ष हॉवर्ड म्हणाले होते, ही घाण माझ्या रासबेरींखाली राहिली तर मी ती फेकून देईन. माझे मेहुणे विल्फ यांनी हे निव्वळ निकोटिन का एवढं विचारलं आणि ते आपल्या कुंड्यांकडे गेले. बाकीचे चहा संपवून पांगले.

"पाणी आहे ते," खिडकीशी बसलेली थेल्मा म्हणाली.

थेल्मा प्रॉक्टर रुबार्बचे देठ साफ करत होती आणि तिने मान वरही केली नव्हती. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात डाव फिरवलेली ही बाई. पुडिंगची वाटी कुणी पळवली हे ती पोरांच्या चेहऱ्यांवरून नाही, बुटांवरून ओळखायची असं म्हणतात.

"पाक गोठत नाही, बाळा. पाणी गोठतं आणि काच फोडतं. कुणीतरी आतलं काढून घेतलंय आणि नळाचं पाणी भरून ठेवलंय. तेही गळ्यापर्यंत. गोठवायच्या बाटलीत जागा सोडायची असते हेसुद्धा त्याला ठाऊक नाही."

"पण मग आतलं गेलं कुठे?" मी विचारलं.

डॉन खाली बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, एकेका बाटलीत दोनचार माणसं मारण्याइतकं विष आहे. हातावर सांडलं तरी अंगात भिनतं. ते कुठे आहे, कुणाकडे आहे..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझा भाचा ग्रॅहम होता.

"क्लिफमामा, लगेच ये. बाबा जेवणाच्या टेबलावर पडले. पुन्हा."

२

विल्फ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, एनिडचे यजमान. वय शहात्तर. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत आणि पन्नास वर्षं शेवंतीत. डरहॅम परगण्यात त्यांच्या शेवंतीसमोर लोक टोप्या काढत. एनिड गेल्यावर त्यांच्याकडे तेवढीच एक राहिली होती.

हॉस्पिटलच्या पलंगावर ते घामाने चिंब होऊन पडले होते. हात थरथरत होते. उलट्या होऊन गेल्या होत्या. मला बघून म्हणाले, "आज कुठला वार, क्लिफ?"

"रविवार."

"मला मंगळवार वाटला," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

ग्रॅहम मला बाहेर घेऊन गेला. हा चौथा रविवार होता. ईस्टरनंतरच्या रविवारपासून हेच चाललं होतं. सकाळी विल्फ मळ्यावर जात, दुपारी डार्लिंग्टनला ग्रॅहम आणि त्याची बायको कॅरल यांच्याकडे जेवायला येत, आणि भाजलेल्या मांसाला हात लावायच्या आत घाम, ओकारी, चक्कर, मग असंबद्ध बडबड. सोमवारी बरं वाटायचं. डॉक्टरांनी हृदय पाहिलं, पोट पाहिलं, आता डोकं पाहणार होते.

"कॅरलने माझ्याशी बोलणं टाकलंय," ग्रॅहम म्हणाला. "सगळे तिच्या स्वयंपाकावर घसरलेत. पण मामा, खरं काय ते तुलाही माहितीय आणि मलाही. आईचं असंच सुरू झालं होतं."

मला ते माहीत होतं. एनिडने शेवटची तीन वर्षं मला दूधवाला समजून काढली होती.

"आमच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झालीय. शनिवारी घेऊन जातो त्यांना. घर बंद, मळा बंद. एकटं ठेवायला माझी छाती होत नाही."

मी आत गेलो तेव्हा विल्फने डोळे न उघडता माझं मनगट धरलं. "ऐकलं मी," ते म्हणाले. "पोराचं चुकत नाहीये. मीच बघितलंय ना तिला. आज सकाळी झारी हातात घेऊन झारी शोधत होतो, क्लिफ. मला काही सांगू नकोस. फक्त मी तुला ओळखेनासा झालो की येऊ नकोस भेटायला."

मी काहीतरी बरळलो. घरी येताना चुकीच्या बसमध्ये चढलो, आणि मी स्वतः बावीस वर्षं बसचा तिकीट तपासनीस होतो.

३

सोमवारी शेडच्या फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिलं होतं: 'पाणी हवंय? डॉनला विचारा.'

मी ते पुसलं, पण डॉनने आधीच वाचलं होतं. ती दाराशी उभी होती.

"पोलिसांना सांगायचं ना, काका? सांगा. सगळे म्हणतायत मीच पाणी भरून गळ्यात मारलं."

"मी नाही म्हणत."

"तुम्ही काल माझ्याकडे कसं बघत होतात ते पाहिलं मी."

मला गुन्हेगारासारखं वाटलं. खरं सांगायचं तर एक क्षण मी तसं बघितलं होतं. मी सोसायटीचा चिटणीस, चावी सगळ्यांकडे, चहाला सगळे येणार, संशय तरी कुणाकुणाचा घ्यायचा? पोलिसांना मी फोन केला होताच. त्यांनी नाव लिहून घेतलं, 'वेप' या शब्दावर हसले आणि आठवड्याच्या शेवटी कुणीतरी येईल म्हणाले.

थेल्माने डॉनला खुर्चीवर बसवलं आणि तिच्यापुढे चहा ठेवला. "एकच सांग, बाळा. तुला लोकांना फसवायचं असतं तर तू बाटलीत काय भरलं असतंस?"

डॉन चिडली. "ग्लिसरीन. दुकानात पिंपभर आहे. दिसायला तेच, गोठत नाही. कुणाला दोन वर्षं पत्ता लागला नसता."

"पी चहा," थेल्मा म्हणाली. "तू सुटलीस."

मला यातलं काही उमजलं नाही. मी तसं म्हणालोही.

"तुला नंतर समजेल. चल, हॉवर्डकडे."

हॉवर्ड लूम आपल्या टोमॅटोंपाशी होते. हा माणूस सिगरेट ओढणाऱ्याला आपल्या काचघराच्या दहा पावलं जवळ येऊ देत नाही. तंबाखूचा रोग हातातून टोमॅटोला लागतो, म्हणून दाराशी दुधाचं भांडं ठेवलेलं, आधी त्यात हात बुचकळायचे. मी चार वर्षांत सिगरेट ओढली नव्हती, तरी मला बुचकळावे लागले. आत मात्र त्यांच्या रोपांचे शेंडे मावा किड्यांनी हिरवेगार बरबटले होते. त्या वसंतात सगळ्या मळ्यावर माव्याने उच्छाद मांडला होता.

"तुमच्या त्या विषाशी माझा संबंध नाही," हॉवर्ड म्हणाले.

"फेकून देईन म्हणाला होतात," थेल्मा म्हणाली.

"म्हणालो होतो. मी जे करतो ते तोंडावर सांगून करतो."

"सगळंच?"

हॉवर्डचे कान लाल झाले. मग ते टोमॅटोकडे बघत पुटपुटले, "त्या फ्रीझरला मी हात लावला होता. एप्रिलमध्ये."

४

माझी तर खात्री पटली. मी चष्मासुद्धा काढला, अटक करायची असल्यासारखा.

"बटण बंद केलं मी," हॉवर्ड म्हणाले. "रात्रभर. म्हटलं नासू दे सगळं. सकाळी आठवलं की माझ्या रासबेरी आत आहेत. धावत जाऊन चालू केलं. अर्ध्या रासबेरींचा रस झाला. झालं समाधान?"

थेल्मा हसू दाबत होती. मी परत येताना माझा सिद्धांत मांडला: बंद केल्यावर ते वितळलं, चालू केल्यावर ते गोठलं, म्हणजे चोरी झालीच नाही.

"जे कधी गोठलंच नव्हतं ते वितळणार कसं, क्लिफ?"

"मग आठ बाटल्या का नाही गोठल्या?"

"तेच मी तुला विचारतेय."

त्या संध्याकाळी मी बियांच्या पाकिटामागे सगळं मांडलं. चावी कुणाकडे, रोज शेडमध्ये कोण जातं, बाटल्या कुठे आहेत हे कुणाला माहीत, निकोटिनवाचून कुणाचं अडतं. प्रत्येकापुढे खुणा केल्या. सगळ्यांत जास्त खुणा क्लिफर्ड हेस्लॉप या माणसापुढे झाल्या, म्हणजे माझ्यापुढे. मी पाकीट चुलीत टाकलं आणि मग आठवलं की त्यात बिया होत्या.

बुधवारी थेल्माला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू नाहीस. कारण डॉन नाही तेच. ज्याने पाणी भरलं त्याला माहीतच नव्हतं की असली वस्तू गोठत नाही. वेप ओढणाऱ्या अकराही जणांना ते माहीत आहे, बाटल्या आल्या तेव्हा महिनाभर तुम्ही त्या हलवून बघत होतात, तान्ह्या बाळांसारख्या. म्हणजे चोर वेपवाला नाही."

"मग हॉवर्ड."

"हॉवर्डने बाराही बाटल्या उकिरड्यात फेकल्या असत्या आणि पावती मागितली असती. आणि तो पाणी कशाला भरेल? पाणी कोण भरतो? बाटल्या जागच्या जागी दिसाव्यात असं ज्याला वाटतं तो. कारण त्याला पुन्हा यायचं असतं. चार बाटल्या म्हणजे चार फेऱ्या, बाळा. पोरं पुडिंग असंच चोरतात, एकदम सगळं कधीच नाही."

"म्हणजे निकोटिन हवंय, पण वेप माहीत नाही. सिगरेट ओढणारा?"

"तो चौकात जाऊन सिगरेट घेईल."

"मग असा माणूस जगात आहे तरी का?"

थेल्माने चहाचा मग खाली ठेवला. "तेच मला कळेना," ती म्हणाली. "माझंही डोकं चालेनासं झालंय."

तिच्या तोंडून हे ऐकल्यावर माझा उरलासुरला धीर गेला. शनिवारला तीन दिवस होते. विल्फ घरी आले होते, पण ग्रॅहमने त्यांना मळ्यावर जायला बंदी केली होती. त्यांनी मला निरोप पाठवला होता: काचघरातल्या शेवंतीला पाणी घाल, नेईपर्यंत तरी जगू दे.

५

गुरुवारी सकाळी मी झारी घेऊन विल्फच्या काचघरात शिरलो. थेल्मा दारात थांबली.

शंभर-सव्वाशे कुंड्या होत्या. एकेक रोप असं टवटवीत, की मला माझ्या घेवड्याची लाज वाटली. माझ्या घेवड्याचे शेंडे माव्याने काळे पडले होते. थेल्माने विचारलं, "विल्फकडे मावा नाही?"

"एक नाही. हातच तसा आहे त्यांचा. साबणाचं पाणी मारतो म्हणतात."

"कधी मारतात?"

"रविवारी सकाळी. सगळे घरी जेवणाच्या तयारीला असतात, तेव्हा मळ्यावर चिटपाखरू नसतं. फवारताना कुणी मध्ये आलेलं त्यांना चालत नाही."

ती आत आली आणि खाली वाकली. तिच्या गुडघ्यांनी तक्रार केली, पण ती तशीच जमिनीकडे बघत राहिली. विटांच्या फटीत लाल ठिपके पडले होते. ढालकिडे, मावा खाणारे. पन्नास तरी असतील, सगळे उताणे. एक मधमाशीही होती.

"साबणाच्या पाण्याने एवढे मरतात का रे?"

"मला काय माहीत," मी म्हणालो आणि एका रोपाचं पिवळं पान खुडायला हात पुढे केला.

"क्लिफ, त्या पानाला हात लावू नकोस."

तिचा आवाज शाळेतला होता. माझा हात जागीच थांबला. ती फळीवरचे जुने डबे बघत होती. सहा गंजके डबे ओळीने, सगळे रिकामे, प्रत्येकावर कवटीचं चित्र. वरचं नाव मला वाचता येत होतं, पण अर्थ लागायला वेळ लागला. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. 'बागेसाठी निकोटिन.'

"हे तर मिळायचं बंद होऊन सात-आठ वर्षं झाली," मी म्हणालो. "सरकारने बंद केलं. आधी सगळे शेवंतीवाले हेच मारायचे."

"आणि बंद व्हायच्या आधी त्यांनी सहा डबे भरून ठेवले. तुम्ही बाटल्या भरून ठेवल्यात तसेच. शेवटचा डबा संपला." ती बाहेर गेली आणि तिने मला बाही धरून ओढलं. "बाटल्या किती गोठल्या?"

"चार."

"विल्फ किती वेळा पडले?"

मी बोटांवर रविवार मोजले. तेही चारच भरले.

६

थेल्माने आधी मला साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या डॉक्टरने तिचं सगळं शांतपणे ऐकलं आणि विल्फला त्याच दुपारी रक्ताच्या तपासणीसाठी बोलावलं. शुक्रवारी संध्याकाळी निकाल आला. आयुष्यात एकही सिगरेट न ओढलेल्या माणसाच्या रक्तात निकोटिनची खूण सापडली होती. डोक्याच्या चित्रात वयाच्या मानाने काही वावगं नव्हतं.

आम्ही दोघं विल्फच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत बॅग भरून ठेवलेली होती. वर एनिडचा फोटो.

हे सांगायला मला जमेना. या माणसाने माझ्या बहिणीला तीन वर्षं भरवलं होतं. त्यांना चोर कसं म्हणायचं? आणि आमच्या सोसायटीचा नियम असा, की चोरी केली की मळा गेला. न सांगावं तर उद्या ग्रॅहम गाडी घेऊन येणार, तेव्हाही मळा गेलाच. मला काहीच सुधरेना, म्हणून मी फोटोकडे बघत उभा राहिलो.

थेल्मा त्यांच्यासमोर बसली. "विल्फ, फ्रीझरमधल्या बाटल्या तुम्ही घेतल्यात."

त्यांनी भरलेली बॅग पायाने बाजूला सारली. मग म्हणाले, "शेवंती हातची जात होती. साबणाने काही होईना. डॉन म्हणाली, निव्वळ निकोटिन आहे. म्हटलं एक बाटली. पुढच्या रविवारी पुन्हा मावा आला."

"हातमोजे घालत होतात?"

"डब्यातल्या औषधाला घालायचो. तोंडाला फडकंही बांधायचो. पण हे तर क्लिफ दिवसभर तोंडात धरून ओढतो. रुबार्ब-कस्टर्ड." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माणूस जे फुफ्फुसात घेतो ते हाताला काय करणार? हातानेच ढवळलं. काचघराची दारं लावून मारलं, शर्ट ओला होईपर्यंत."

"आणि तोच शर्ट घालून जेवायला गेलात."

"कोट चढवला वरून. रविवार होता ना."

"विल्फ," थेल्मा म्हणाली, "क्लिफ चिमूटभर घेतो, तेही कितीतरी पट पातळ करून. तुम्ही त्यात आंघोळ केलीत. घाम, ओकारी, हातांची थरथर, वार न आठवणं, सगळं त्याचं. तुम्हाला एनिडचा आजार नाही. तुम्ही चार वेळा स्वतःला विष घातलंत, आणि नशीब म्हणून इथे बसलाय."

ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही उमटेना. मला वाटलं, आता शरमेने कोसळतील. मी पुढे झालो.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "माझं डोकं..."

"डोकं ठीक आहे. डॉक्टरचा कागद आहे."

"मी नुसता चोर आहे."

"हो."

विल्फ रडायला लागले. एनिडच्या अंत्यविधीला ते रडले नव्हते. खाण बंद झाली तेव्हाही नव्हते. आता मात्र गुडघ्यांवर हात ठेवून ते लहान पोरासारखे रडले, आणि मीही त्यांच्याबरोबर रडलो, कारण मला दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. मग त्यांनी नाक पुसलं.

"उद्या ग्रॅहम येईल," ते म्हणाले. "त्याला इथे नको आणूस. शेडमध्ये आण. डॉनला बोलाव. सगळ्यांना बोलाव."

शनिवारी सकाळी शेड गच्च भरली. नवा कायदा त्या दिवशी लागू झाला होता, पण त्याचं नाव कुणी काढलं नाही. हॉवर्ड अध्यक्षांच्या खुर्चीत, डॉन दाराशी हाताची घडी घालून, ग्रॅहम गाडीची किल्ली हातात घेऊन उभा. विल्फ रविवारचा नवा कोट घालून आले होते.

"बाटल्या मी चोरल्या," ते म्हणाले. "डॉनने नाही. उघड्या हातांनी माव्यावर मारल्या, म्हणून दर रविवारी पडत होतो. डॉन, माझ्यामुळे तुला चार दिवस लोकांनी नको ते ऐकवलं. त्यांच्यासमोर तुझी माफी मागतो."

डॉनने हाताची घडी सोडली. "मला विचारायचं होतंत, विल्फकाका," ती म्हणाली. "मी दिली नसती, पण हातमोजे तरी घालायला लावले असते."

हॉवर्डने घसा खाकरला. "विल्फ, नियम काय आहे ते तुम्हाला..."

"माहीत आहे. चव्वेचाळिसावा नियम, पान सात. तुमच्या वडिलांनी लिहिलाय, मी तेव्हा समितीत होतो. तुम्ही पुढच्या महिन्यात मतदान घ्या आणि द्यायची ती शिक्षा द्या. पण आधी मला काय काय आठवतं ते पुरतं सांगू द्या." ते मुलाकडे वळले. "ग्रॅहम, ऐकतोयस ना?"

"बाबा, तुम्ही खरंच चोरी केलीत?" ग्रॅहमने विचारलं.

"चार वेळा. पहिली तेवीस एप्रिलला, सकाळी पावणेनऊ. वर मटाराच्या दोन पिशव्या होत्या, एक फाटकी. सात मटार खाली सांडले, ते मी वेचून परत टाकले. डावीकडून तिसरी बाटली घेतली. पाणी भरताना नळ गळत होता, त्याचा वॉशर गेलाय, अजून कुणी बदललेला नाही. दुसरी बाटली तीस तारखेला. त्या दिवशी हॉवर्डच्या रासबेरींचा रस खाली जमून गोठला होता, बाटली सुटेना, म्हणून चमच्याने खरवडली. चमचा निळ्या दांड्याचा."

हॉवर्डने पेन खाली ठेवलं. ग्रॅहमने किल्ली खिशात घातली आणि जवळची खुर्ची ओढून तो बापासमोर बसला.

"तिसरी," विल्फ म्हणाले, "सात मेला. पाऊस भुरभुरत होता, आणि तुझ्या आईचा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता."